द्विध्रुवी मनोविकार : वैद्याचे स्थान कोठे?

मनोविकाराचा रुग्ण मनोविकाराची तक्रार घेऊन वैद्याकडे क्वचितच येतो. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, कोठा साफ होत नाही, डोके जड राहते, अंगात त्राण नाही, असे तो सांगतो आणि आपण नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून औषधयोजना करतो. कधी घरची मंडळी त्याला घेऊन येतात आणि ‘उष्णता डोक्यात चढली आहे, काही थंड द्या’ एवढेच म्हणतात. चार रात्री तो झोपलेला नाही आणि गावात उधारी करून नवा धंदा मांडायला निघाला आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत उघड होते. याखेरीज एक तिसरा वर्ग आहे व तो अलीकडे वाढत असल्याचा आमचा अनुभव आहे. त्याचे निदान झालेले असते, मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या कित्येक वर्षे चालू असतात आणि आपल्यासमोर बसून तो एकच प्रश्न विचारतो : आयुर्वेदाने या गोळ्या सुटतील का?

या प्रश्नास आपले काही व्यवसायबंधू ज्या सहजतेने ‘सुटतील’ असे उत्तर देतात ती सहजता आम्हांस चिंतेची वाटते. ‘आधी त्या गोळ्या बंद करा, मग आपले औषध सुरू करू’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून इतके रुळले आहे की ते कोणास सांगितले जात आहे याचा विचार मागे पडतो. जुनाट त्वचारोगाच्या रुग्णाने ते ऐकले तर फार तर खाज वाढेल. द्विध्रुवी मनोविकाराच्या रुग्णाने ऐकले तर काही आठवड्यांत त्याची नोकरी, त्याचा संसार आणि क्वचित त्याचा जीवही जाऊ शकतो. प्रस्तुत लेख त्या एका वाक्याच्या निमित्ताने आहे.

बायपोलर डिसऑर्डर या नावानेच आता अनेक कुटुंबे ज्यास ओळखतात त्या या विकारात मनाची स्थिती दोन टोकांकडे झुकते. एका टोकास किमान आठवडाभर टिकणारी असाधारण उल्हसित अथवा चिडखोर वृत्ती असते. झोप दोन-तीन तासांवर येते पण थकवा नसतो, बोलणे थांबत नाही, कल्पनांची रांग लागते, पैसा वाहतो, विवेक सुटतो. याचेच सौम्य रूप चार दिवसांपासून पुढे दिसते व त्यास कोणी रोग म्हणत नाही. रुग्णास तर ते आपले सर्वोत्तम दिवस वाटतात. दुसऱ्या टोकास दोन आठवडे वा अधिक काळ चालणारे गाढ नैराश्य असते. मधल्या काळात महिने, कधी वर्षे, मनुष्य पूर्ण स्वस्थ असतो आणि त्यामुळेच ‘आता बरा आहे, मग गोळ्या कशाला’ हा प्रश्न घरात निघतो. आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. बहुतेकांच्या आयुष्यात उन्मादापेक्षा नैराश्याचा काळ अधिक भरतो, म्हणून पहिले निदान पुष्कळदा निव्वळ नैराश्याचे होते आणि खरे निदान हाती येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यात महाराष्ट्र नव्हता) हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांस हा विकार आयुष्यात केव्हा ना केव्हा झालेला आढळला, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के उपचारांवाचून होते. हे ७० टक्के कोठे जातात, हे सर्वेक्षणापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालविणाऱ्या वैद्यास अधिक चांगले ठाऊक आहे. देवऋषी, गंडेदोरे, मग आपण. आणि पुष्कळदा सर्वांत शेवटी मनोविकारतज्ज्ञ.

येथे शब्दाचा एक घोटाळा दूर करावयास हवा. आधुनिक परिभाषेत चढत्या टोकास मराठीत ‘उन्माद’ म्हणतात. संहितांतील उन्माद त्याहून पुष्कळ व्यापक आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे चरकाचार्य निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगतात. त्यात आजच्या अनेक मनोविकारांचा समावेश होऊ शकतो. अस्थानी हसणे, गाणे, नाचणे, अखंड बोलणे ही वातज उन्मादाची लक्षणे. असहिष्णुता व क्रोध ही पित्तजाची. एकाच जागी बसून राहणे, मौन, अन्नाची इच्छा नसणे, एकांताची आवड, सतत झोप ही कफजाची. वाचताना द्विध्रुवी विकाराची दोन्ही टोके डोळ्यांसमोर उभी राहतात हे खरे. परंतु एकाच व्यक्तीत ही दोन्ही चित्रे आलटून-पालटून, मधे स्वास्थ्याचा काळ ठेवून येतात, असा एक स्वतंत्र व्याधी एका नावाने संहितांत दिलेला नाही. म्हणून ‘हे आमच्याकडे पूर्वीच सांगितले आहे’ असे म्हणून ग्रंथातील एखादा उन्मादाचा योग जसाच्या तसा उचलणे, हे ग्रंथनिष्ठेचे लक्षण आम्ही मानत नाही. ग्रंथनिष्ठा निदानापासून सुरू होते, योगाच्या नावापासून नव्हे.

त्याच अध्यायांच्या आधारे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. उन्मादचिकित्सेत त्रासन, तर्जन, बंधन यांचे उल्लेख आहेत. त्या काळी, त्या परिस्थितीत त्यांचे काय प्रयोजन होते याची चर्चा विद्वानांनी अवश्य करावी. आज मात्र त्यांस स्थान नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळदंड बांधण्यास मनाई केली आहे. तरीही रुग्णास खोलीत कोंडून ‘जरा धाक दाखवा’ असा सल्ला देणारे आपल्यात नाहीतच, असे छातीठोकपणे म्हणता येईल काय?

आता मूळ मुद्दा. ज्या गोळ्या सोडविण्याची विचारणा होते त्यांत लिथियमचे स्थान अजूनही वरचे आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी त्यावर चिकाटीने काम केले. दोन्ही टोकांची पुनरावृत्ती लिथियम कमी करते व आत्महत्येचे प्रमाण घटविते, हे गुण फार थोड्या औषधांत आहेत. शिवाय ते स्वस्त आहे. मात्र त्याची उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर अगदी थोडे. रक्तातील पातळी साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट ठेवतात, १.५ च्या वर विषलक्षणे सुरू होऊ शकतात. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी रक्त तपासतात, आणि ठरावीक काळाने वृक्क व अवटु ग्रंथीच्या तपासण्या करतात.

लिथियम हा मुळात एक साधा क्षार आहे आणि वृक्क त्याला मिठासारखेच वागवितो. शरीरातील मीठ व पाणी कमी झाले की वृक्क मीठ धरून ठेवतो व त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतो. रक्तातील पातळी चढते. हे वाक्य वाचताना व्यवसायबंधूंनी आपल्या पंचकर्म विभागाकडे एकवार पाहावे. वमनात काय होते? विरेचनात काय होते? स्वेदनात, लंघनात, अळणी पथ्यात काय होते? उपचार म्हणून आपण जे करतो, त्यातील बहुतेक सर्व गोष्टी लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी व मीठ कमी करणाऱ्या आहेत. आणि अधिक भयावह भाग असा की लिथियमच्या विषबाधेची आरंभीची लक्षणे उलट्या, जुलाब, थरथर, ग्लानी, पाय अडखळणे ही आहेत. विरेचनाच्या दिवशी ती दिसली तर आपण वेग मोजत बसू, फार तर अतियोग समजून स्तंभन देऊ. तोवर रुग्ण बेशुद्धीकडे जाऊ लागलेला असेल.

आमच्याकडे एक मध्यमवयीन गृहस्थ विचर्चिकेसाठी वमन करून घेण्याच्या तयारीने आले होते. इतर औषधे विचारली तेव्हा ‘रक्तदाबाची एक गोळी’ एवढेच म्हणाले. स्नेहपान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीने औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा लिथियमची पट्टी निघाली. सोळा वर्षांपासून चालू होती. सोबतची रक्तदाबाची गोळी मूत्रल वर्गातील होती, म्हणजे दुहेरी जोखीम. त्यांनी ते का लपविले, असे आम्ही विचारले नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती हे त्यांच्या पत्नीने आपणहून सांगितले. वमन रद्द केले, बाह्योपचार व सौम्य शमन औषधांवर काम भागविले, आणि त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांस मूत्रल गोळीविषयी पत्र पाठविले. विचर्चिका पूर्ण गेली नाही. गृहस्थ नोकरीवर आहेत.

शोधनाबाहेरही सावधगिरीची स्थाने आहेत. पुनर्नवा, गोक्षुर यांसारखी मूत्रल द्रव्ये जोरदार मात्रेत देताना लिथियम आठवावे. परदेशात वनौषधींचे मूत्रल मिश्रण घेतल्यानंतर लिथियमची विषबाधा झालेल्या एका रुग्णेचे वृत्त अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीने २००१ मध्ये छापले आहे. इसबगोलाने उलट परिणाम होऊन लिथियमचे शोषण घटल्याची नोंद १९९० पासून आहे. सांधेदुखीसाठी रुग्ण परस्पर घेतो त्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनीही पातळी चढते. ज्यांस कार्बामाझेपिन चालू आहे त्यांच्यात मिरी-पिंपळीतील पायपरीनमुळे त्या औषधाची रक्तातील पातळी वाढते, आणि त्रिकटु तर आपल्या कितीतरी कल्पांत असते. अपस्माराच्या रुग्णांत फेनिटॉइनसोबत शंखपुष्पीचा एक कल्प घेतल्याने आटोक्यात असलेले झटके पुन्हा आले, हे मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखविले. मेध्य म्हटले की निरुपद्रवी, ही समजूत त्याच वर्षी संपावयास हवी होती. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण स्त्रिया वंध्यत्वासाठी आपल्याकडे येतात. हे औषध गर्भास अपायकारक आहे, म्हणून गर्भधारणेपूर्वीच तिला तज्ज्ञांकडे पाठविणे हे गर्भसंस्कारांच्या आधीचे कर्तव्य होय. मात्र ते औषधही आपण परस्पर बंद करू नये.

सर्पगंधेचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण आयुर्वेदाने आधुनिक मनोविकारशास्त्रास दिलेली देणगी म्हणून तिचे नाव आपण अभिमानाने घेतो. तो अभिमान रास्त आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कोलकात्याहून उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला; मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून ती जगापुढे मांडली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले व दोन वर्षांत अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते पोहोचले. पण कथा तेथे संपत नाही. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांस गाढ नैराश्य आल्याचे त्याच दशकात लिहिले जाऊ लागले. या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले असले, तरी ज्याच्या प्रकृतीत नैराश्याचे टोक आधीच दडलेले आहे अशा रुग्णास निद्रानाशावर महिनोन्महिने सर्पगंधा देत राहणे धाडसाचे आहे. कपिकच्छूत लेव्होडोपा असते. चढत्या टोकाचा इतिहास असलेल्या रुग्णास वाजीकरण वा रसायन म्हणून आम्ही ती देत नाही.

आणि हीच सावधगिरी आधुनिक औषधे लिहिणाऱ्या व्यवसायबंधूंनाही लागू आहे. नैराश्याच्या रुग्णास निव्वळ नैराश्यविरोधी गोळी देऊन मोकळे होण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : यापूर्वी कधी असे दिवस आले होते काय, की झोप कमी होऊनही उत्साह ओसंडत होता, आणि घरचे लोक ‘हा आपला नेहमीचा माणूस नाही’ असे म्हणत होते? हा प्रश्न रुग्णापेक्षा त्याच्या घरच्या माणसास विचारलेला बरा. उत्तर ‘होय’ असेल तर ती एकटी गोळी रुग्णास दुसऱ्या टोकास नेऊ शकते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग वैद्याने हात जोडून बसावे काय? तसे नाही. या विकाराच्या बाबतीत आधुनिक संशोधन ज्या एका जागी आपल्या दारापर्यंत आले आहे ती जागा म्हणजे निद्रा व दिनचर्या. झोप मोडणे हे उन्मादाच्या आवेगाचे नेहमीचे निमित्त आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे एलन फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उठणे, जेवणे, लोकांत मिसळणे, झोपणे यांच्या वेळा स्थिर करणारी एक मानसोपचारपद्धती सिद्ध केली. तीव्र अवस्थेत ती मिळालेल्या रुग्णांत पुढचा आवेग उशिरा येतो, असे त्यांनी २००५ मध्ये दाखविले. अर्थात हे रुग्ण औषधेही घेत होते. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या त्रयोपस्तंभांवर आपण विद्यार्थ्यांकडून पाने लिहवून घेतो. येथे त्यांचा उपयोग तोंडी उपदेशाबाहेर काढून केसपेपरवर आणता येतो. आम्ही रुग्णास एक साधी वही देतो. झोपण्या-उठण्याची वेळ, दोन जेवणांची वेळ, मनाचा कल, बस्स. तीन महिन्यांची वही पाहिली की आवेग येण्यापूर्वी झोप कशी सरकत गेली ते डोळ्यांना दिसते, आणि पुढच्या वेळी पत्नी किंवा भाऊ ते आधीच ओळखतो.

दिनचर्येचा हा सल्ला आपल्या लोकजीवनास धरून असावा लागतो. लग्नानंतरचा जागरण-गोंधळ, गणपतीच्या दहा दिवसांतील रात्री, नवरात्रातील उपवास, आषाढीची वारी यांत या रुग्णाची झोप, पाणी आणि गोळ्यांच्या वेळा सुटतात. वारीस जाऊ नका असे सांगितलेले कोणी ऐकणार नाही व सांगूही नये. पाणी व मीठ नेहमीप्रमाणे घ्यावे, गोळ्यांची डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवावी, मुक्कामावर रात्री भजनात न बसता झोपावे, हे सांगता येते. विदर्भात मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्या लिथियमच्या रुग्णास हाच सल्ला अधिक कडकपणे द्यावा. निर्जळी उपवास मात्र त्याने करूच नये. तेथे आम्ही तडजोड करीत नाही.

गोळ्या नकोशा का होतात, हेही ऐकून घेतले पाहिजे, कारण मनोविकारतज्ज्ञांच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते ऐकण्यास वेळ नसतो. वजन वाढते, हात थरथरतात, तहान लागते, डोके सुन्न वाटते, मलावष्टंभ होतो, केस गळतात. यांतील मलावष्टंभ, अग्निमांद्य, स्थौल्य या गोष्टी आपल्या क्षेत्रातील आहेत. अभ्यंग, मर्यादित आहारयोजना, व्यायाम, योग्य तेथे शिरोधारा यांनी रुग्णास बरे वाटते व बरे वाटले की तो मूळ गोळ्याही टिकवितो. थरथर वाढली असेल तर मात्र ती केवळ वातप्रकोप न समजता आधी लिथियमची पातळी पाहावी. घृतकल्पांविषयी तारतम्य हवे : कल्याणक घृत उन्मादाधिकारातील असले तरी ओलान्झापिनने आधीच वजन व साखर वाढलेल्या रुग्णास ते देताना अग्नी व मात्रा पाहावीच लागते. अश्वगंधेबद्दल सांगावयाचे तर २०१३ मध्ये चेंगप्पा व सहकाऱ्यांनी या विकाराच्या रुग्णांत आठ आठवडे तिच्या प्रमाणित अर्काचा अभ्यास केला व स्मृती-अवधानाच्या काही चाचण्यांत सुधारणा नोंदविली. अभ्यास लहान होता, आणि प्रत्येक रुग्णाची नेहमीची औषधे चालूच होती. आपल्या द्रव्याविषयीचा या विकारातील हा चांगला पुरावा आहे व तो ‘सोबत’ दिल्याचा आहे, ‘ऐवजी’ दिल्याचा नाही. लिथियमने अवटु ग्रंथी मंदावते व अश्वगंधेचा त्या ग्रंथीवर परिणाम होतो, एवढे लक्षात ठेवून ती द्यावी.

सत्त्वावजयाबद्दल आपण बोलतो पुष्कळ, करतो थोडे. या रुग्णाच्या बाबतीत त्याचा पहिला प्रयोग कुटुंबावर व्हावयास हवा. उन्मादात केलेला खर्च, बोललेले शब्द, मोडलेली नाती यांची आठवण नैराश्याच्या काळात त्याला रोज करून देणे हे विषासमान आहे. विषाद हा रोग वाढविणाऱ्या गोष्टींत अग्रणी होय, असे चरकाचार्य अग्र्यसंग्रहात गणतात ते येथे शब्दशः लागू पडते. आणि नैराश्यातील रुग्णास ‘जीव नकोसा वाटतो का, तसे काही करावे असे मनात येते का’ हे सरळ विचारावे. विचारल्याने कल्पना सुचते ही भीती निराधार आहे. उलट कोणी तरी विचारले याचा त्याला आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्या दिवशी काढा लिहून घरी पाठवू नये. अशा तीव्र अवस्थेत विजेच्या उपचारांचा सल्ला तज्ज्ञांनी दिला तर चित्रपटांत पाहिलेल्या दृश्यांवरून आपण कुटुंबास घाबरवू नये. ते उपचार भूल देऊन होतात, भुलीशिवाय करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि पुष्कळदा त्यांनी प्राण वाचतात.

कायद्याने आपल्यास दिलेले स्थानही समजून घ्यावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीधरांचा स्पष्ट समावेश आहे. केवळ पदवीधर असलेल्या वैद्याचा नाही. हा सन्मान आहे व मर्यादाही. केरळात कोट्टक्कल येथे शासनाची स्वतंत्र आयुर्वेदीय मानसरोग संस्था आहे, निम्हान्समध्येही आयुर्वेदास जागा आहे. महाराष्ट्रात या विषयाकडे वळणारे विद्यार्थी मोजके का, याचा विचार आपल्या महाविद्यालयांनी करावा. त्याच कायद्याने विमा कंपन्यांस मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करणे बंधनकारक केले आहे, आणि शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरविला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालणारी टेलि-मानस ही विनामूल्य सेवा, एवढे तरी प्रत्येक वैद्याच्या टेबलावर लिहिलेले असावे.

पाठविणे म्हणजे पराभव, ही भावना आपल्या मनातून जात नाही, हे आम्ही जाणतो. परंतु गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा प्रसंग येताच स्वतः चरकाचार्य तेथे धान्वंतर संप्रदायाच्या, हात बसलेल्या शल्यवैद्यांचा अधिकार आहे असे सांगतात. संहिताकारास त्यात कमीपणा वाटला नाही.

तक्रार दोन्ही बाजूंनी आहे. आपण पाठविलेल्या चिठ्ठीस मनोविकारतज्ज्ञांकडून उत्तर येत नाही. एका रुग्णालयातून तर आमचे पत्र रुग्णाच्या हातीच परत आले, वर ‘आयुर्वेदिक सर्व बंद’ एवढा शेरा होता. कोणते द्रव्य, का बंद, याचा उलगडा नाही. अशाने रुग्ण पुढच्या वेळी दोघांपासूनही लपवितो. यावर उपाय म्हणून आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून एकदा तरी तेथील मनोविकारतज्ज्ञांस बोलावून एक बैठक घ्यावी व पाठवणीच्या पत्राचा एक समान नमुना ठरवावा. त्या पत्रात आपण देत असलेल्या कल्पांतील घटकद्रव्ये व मात्रा, योजलेले शोधनकर्म, झोपेच्या वहीतील गेल्या महिन्याची नोंद, आणि रुग्णाने आपणास सांगितलेला गोळ्यांचा त्रास, एवढे असावे. त्याखाली अर्धे पान कोरे सोडावे व त्यावर ‘उत्तर’ असे छापावे. येत्या वार्षिक सभेपूर्वी एखाद्या शाखेने हा नमुना करून पाठविला तर तो याच त्रैमासिकात छापण्याची विनंती आम्ही संपादकांस करू. तोवर प्रत्येकाने आपल्या केसपेपरवर ‘इतर औषधे’ या रकान्याशेजारी ‘झोपेच्या वा मनाच्या गोळ्या, आजवर कधीही’ एवढी एक ओळ हाताने लिहून घ्यावी, आणि शोधनापूर्वी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करून पाहावी.